एका गाडीची सोयरीक

आमच्या घरात लेकी सडकेवरच्या गावातच द्यायच्या, असा नियम होता. नियम आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. पत्रिका, शेती, नोकरी, नाक-डोळे हे सगळं मागाहून. आधी एकच प्रश्न: "गाव सडकेवर हाय काय?" नाही म्हटलं की आबा पाहुण्यांना चहा पाजत, पानसुपारी देत आणि अगदी गोड बोलून वाटेला लावत. पाहुण्यांना फाट्यावर पोचेपर्यंत कळायचंही नाही की आपल्याला नकार मिळालाय.

सडक म्हणजे आमच्या केनवडवरून जाणारी. पूर्वेला आमचं वाशीमकडचं मालेगाव, शेलूबाजार, कारंजा. पश्चिमेला मेहकर, सिंदखेडराजा, जालना. आणि सडकेवर म्हणजे नुसतं सडकेच्या काठाला असून भागायचं नाही. सासरी गाडीत बसलं की मधे कुठंही न उतरता, गाडी न बदलता, कोणाला काही न विचारता लेकीला केनवडच्या फाट्यावर उतरता आलं पाहिजे. आबा याला एका गाडीची सोयरीक म्हणत. मी कारंज्याला, मधली जालन्याला आणि धाकटी पार वैजापूरला, अशा आम्ही तिघी बहिणी त्या एका गाडीच्या हिशोबाने दिल्या गेलो.

गेल्या वर्षी या नियमाशी माझ्या भाचीची गाठ पडली. भाची म्हणजे भावाची मुलगी. वाशीमला औषधशास्त्र शिकली, आणि तिथंच तिच्या वर्गातला एक मुलगा तिला आवडला. मुलगा कळमनुरीचा, हिंगोलीच्या पुढचा. घरचं औषधाचं दुकान, माणसं चांगली, जातपात जुळणारी. म्हणजे आमच्याकडे ज्या गोष्टींवरून भांडणं होतात त्यातलं एकही कारण नव्हतं. पण केनवडहून कळमनुरीला जायचं तर मालेगावला उतरा, मग वाशीमला उतरा, मग हिंगोलीला उतरा. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सडकेवर नाही. जमत नाही." पोरीने दोन दिवस जेवण सोडलं. भावाचा मला फोन आला, "तू ये बापा. आबा कोनाचंच आयकून नाही राह्यले. तुह्या तोंडाले तरी भितीन."

माझ्या तोंडाची ही कीर्ती लहानपणापासूनची आहे, आणि ती मी कधी खोडून काढली नाही. पिशवी भरली आणि निघाले. पण गाडीत बसल्यावर लक्षात आलं की भांडायला निघालोय खरं, पण त्या नियमावर आपलाच जीव आहे. मला स्वतःला तो कधी जाचला नव्हता.

नियम कुठून आला हे आम्हाला माहीत होतं. आबांची मोठी बहीण मेडशीला दिली होती. मेडशी काही लांब नाही, पण आमच्या सडकेवर नाही. मालेगावला गाडी बदलून अकोल्याच्या रस्त्याला लागावं लागतं. तेव्हा गाड्याच मोजक्या. एकदा आत्या माहेरून परत निघाली, कडेवर मूल होतं, आणि आबांनी तिला फाट्यावर गाडीत बसवून दिलं. गाडी वाटेत बिघडली. मालेगावला पोचेपर्यंत मेडशीची शेवटची गाडी निघून गेलेली. स्टँडवर ओळखीचं कोणी नाही. तिने उलटी गाडी धरली आणि दिवेलागणीला परत केनवडला आली. सासरी मात्र अर्थ असा निघाला की सून सांगितल्या दिवशी आली नाही, माहेरी बसून राहिली. त्या एका चुकलेल्या गाडीपायी तिला पुढे कित्येक वर्षं माहेरी पाठवलं नाही. आजी वारली तेव्हाही ती आली ती नवऱ्यासोबत, आणि त्याच पावली परत गेली. आबा ही गोष्ट सांगताना शेवटी एवढंच म्हणत, "गाडी बदलाची होती नं, म्हनून."

त्यामुळे सडक कुठून कुठपर्यंत, हा आमच्या घरात भूगोलाचा प्रश्न नव्हता. लेक किती लांब द्यायची त्याचा तो प्रश्न होता.

आजोबांच्या काळात सडक फार आखूड होती. म्हणजे ती जात असेल पुढे, पण त्यांच्या तोंडी ती मेहकरला जाताना मेहकरची सडक आणि मालेगावला जाताना मालेगावची सडक. त्यापलीकडे ती कुठं जाते याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. आबांच्या तरुणपणी नागपूर-औरंगाबाद अशी पाटी लावलेली लाल गाडी फाट्यावरून जाऊ लागली, आणि आमची सडक एकदम दोन्ही बाजूंनी लांबली. पुढे कधीतरी मोठ्या फलकावर नागपूर-मुंबई असं आलं. कोणी खोदताना दिसलं नाही, कोणी डांबर टाकलं नाही, नुसती पाटी बदलली आणि आमची सडक मुंबईला पोचली. आमच्या वावराच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, एक किलोमीटरचा दगड आहे. त्याच्यावरचं गाव आणि आकडा माझ्या देखत कितीदा बदलला! रंगवणारा आला की आबा वावरातून हातातलं काम टाकून जात आणि विचारत, "आता कुठलोक गेली?"

धाकटीला वैजापूरचं स्थळ आलं तेव्हा खरी पंचाईत झाली. औरंगाबादपर्यंत आपली सडक आहे, हे आबांना मान्य होतं. वैजापूर त्याच्या पुढे. ती तीच सडक की दुसरी? लोक म्हणाले, तीच, सरळ पुढे जाते. शिवाय नाशिकची पाटी लावलेली एक गाडी आमच्या फाट्यावरून रोज जायची, ती वैजापूरला थांबायची. आबांचा लोकांवर विश्वास नव्हता. ते स्वतः त्या गाडीत बसून मुलगा बघायला गेले. दिवसभर खिडकीशी बसून त्यांनी दगड वाचले. परत आले तेव्हा मायने पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "पोट्टा कसा हाय?"

"सडक चांगली हाय," आबा म्हणाले.

"मी पोट्ट्याचं इचारून राह्यली."

आबा जरा विचारात पडले. "बरा असन. दात दिसले."

माय त्यांच्यावर जी भडकली ती चार दिवस. शेवटी ती स्वतः जाऊन मुलगा बघून आली, तेव्हा धाकटीचं ठरलं. जावई आमचा लाखात एक निघाला, ही आबांची हुशारी नव्हे.

आता या सडकेवर आमच्याकडे जो प्रकार चालायचा तो मी दुसरीकडे कुठं पाहिला नाही. लेक सासरी निघाली की घरून तिची ओटी भरायची, हे सगळीकडेच आहे. पण आमच्या सगळ्या लेकी एकाच सडकेला, तर जाणारी लेक इतर सगळ्यांच्या दारावरून जायची. मग ज्या गावी आमची लेक असेल तिथं ती स्टँडवर येऊन उभी राहायची आणि गाडीतल्या लेकीची ओटी खिडकीतून भरायची. धाकटी वैजापूरला निघाली की मेहकरला एक चुलत आत्या, सिंदखेडराजाला दुसरी, जालन्याला मधली. मी कारंज्याला निघाले की मालेगावला मेडशीची आत्या. तिच्यावरची बंदी सैल झाल्यावर ती स्वतः गाडीने मेडशीहून मालेगावला यायची, तेवढ्यासाठी. खिडकीच्या गजातून नारळ आत जात नसे, म्हणून खोबऱ्याची वाटी. ती आडवी धरली की बरोबर जायची. मग गहू, हळकुंड, सुपारी, आणि घडी घालून घालून पट्टीएवढा केलेला खण. आत मी पदर पसरून बसलेली, बाहेर आत्या टाचा उंचावून उभी, आणि मधे गज. गव्हाचे दाणे शेजारच्या बाईच्या मांडीवर पडत.

कंडक्टर वैतागत. एक तर म्हणाला, "बाई, हे एस्टी हाय का देऊळ?" आत्या म्हणाली, "तुह्या बहिनीची कोनी भरली नसन, म्हनून तुले समजत नाही." तो खाली मान घालून तिकिटं फाडत बसला. मला फार हसू आलं होतं, आणि गाडी हलल्यावर तेवढंच रडू.

आमच्या फाट्यावर एका मुसलमान चाचांचं चहाचं हॉटेल होतं. गाडी आली आणि घरची मंडळी अजून पिशव्या चढवत असली की चाचा ड्रायव्हरला हाक मारायचे, "उस्ताद, चाय तो पीके जाओ, लडकी जा री हमारी." ड्रायव्हर उतरला की ते मुद्दाम दूध नव्याने तापायला ठेवायचे. आमच्या तिघींच्या लग्नानंतर कित्येक वर्षं मी माहेराहून निघाले ती त्या उतू जाणाऱ्या दुधाच्या वासात. आता हॉटेल नाही. चाचांची मुलं रिसोडला दुकान चालवतात.

आणि आता सडकही तशी राहिलेली नाही. समृद्धी झाली, तशा लांबच्या गाड्या तिकडून पळायला लागल्या. नागपूर-मुंबई हे नाव आता तिचं. आमच्या सडकेला नवीन नंबर आला, तो कुठून सुरू होतो आणि कुठं संपतो हे गावात दोघांना विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. फाट्यावरून आता बहुतेक गाड्या जातात त्या मालेगावच्या, मेहकरच्या, रिसोडच्या. आजोबांची आखूड सडक परत आली म्हणा ना, फक्त रुंद झालेली.

मला समृद्धी आवडते, खोटं कशाला बोलू. माझ्या मुलाच्या गाडीने कारंज्याहून निघालं की बसल्या बसल्या एक डुलकी लागेस्तोवर मालेगाव. एकदा आबा डोळे दाखवायला माझ्याकडे आले होते, त्यांना मुलाने त्या रस्त्याने परत नेलं. मी सोबत होते. आबा पुढे बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "शेलू आलं काय?" मुलगा म्हणाला, "गेलं, आबा." आबांनी मागे वळून पाहिलं. मागे काहीच नव्हतं, काँक्रीट आणि कुंपण. मग विचारलं, "इथं मधे उतरता येते काय?" मुलगा म्हणाला, नाही, दंड होतो.  घरी गेल्यावर आबा मायच्या फोटोकडे तोंड करून म्हणाले, "त्या सडकेले लेकी उभ्या कुठं राह्यतीन वं?" तेव्हा मला त्यांची फार दया आली.

तर मी केनवडला पोचले. आबा ओसरीवर तूर निवडत बसले होते. मी पाणीसुद्धा प्यायले नाही.

"आबा, पोरीचं काय चाललंय तुमचं?"

"सडकेवर नाही."

"कोणती सडक? सडक राहिली आहे का?"

"दिसून नाही राह्यली काय? ते काय समोर."

मी म्हटलं, समोर आहे ते डांबर आहे. ज्या पाटीवर तुम्ही आम्हाला दिलं ती पाटी गेली, ती गाडी गेली. तुमची लाडकी धाकटी आता एका गाडीने येते असं वाटतं की काय तुम्हाला?

हे मी बोलायला नको होतं. धाकटीने आम्हा सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की आबांना सांगू नका. ती आली की फाट्यावर उतरायची, आणि आबांना वाटायचं ती नाशिकच्या गाडीतून उतरली. आबांनी सूप खाली ठेवलं. भाची दारात उभी होती, तिला म्हणाले, "लाव वैजापूरले फोन."

फोन मोठ्या आवाजावर होता.

"बाई, खरं सांग. या दिवाळीले तू कोन्या गाडीनं आलती?"

तिकडे कुकरची शिट्टी वाजली. मग धाकटी म्हणाली, "कशाला आता ते, आबा?"

"सांग."

"वैजापूरहून संभाजीनगर. तिथून जालना. जालन्याहून मेहकर. मेहकरहून काळीपिवळी."

"आन नाशिकची गाडी?"

"ती कधीचीच बंद झाली, आबा."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलंच असतं नं," आबा म्हणाले. "वाटालेच पाह्यजे होतं."

फोन ठेवून ते वावरात निघून गेले. भाची माझ्याकडे बघत होती, मी कुठं बघावं ते मला कळेना. तोंडाची कीर्ती वगैरे सगळं ठीक, पण म्हाताऱ्या माणसाचं आयुष्यभर जपलेलं एक समाधान मी पिशवी खाली ठेवायच्या आत मोडून टाकलं होतं. तो दिवस आम्ही सगळे हळू आवाजात बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी चहा पिता पिता भावाला विचारलं, "तुही ते गाडी पोट्टीले चालवता येते काय?"

गाडी म्हणजे भावाची जुनी चारचाकी. भाऊ म्हणाला, "नाही."

"काहून नाही?"

  तिला स्कूटी यायची, ट्रॅक्टरही तिने एकदा-दोनदा हलवला होता, पण चारचाकी तिला शिकवावी असं कोणाच्या डोक्यात आलंच नव्हतं.

मग शिकवणी सुरू झाली, आमच्याच सडकेवर. लांबची वाहनं नाहीत, त्यामुळे शिकायला जागा उत्तम. भाऊ शेजारी, मी आणि आबा मागे. आबा दोन्ही हातांनी पुढची सीट धरून बसत. पोरीने पहिल्या दिवशी आम्हाला असे हिसके दिले की माझी कंबर आठवडाभर बोलत होती. आबा मात्र एका शब्दाने रागावले नाहीत. समोरून मालेगावची एस्टी आली आणि पोरगी घाबरून थांबली, तर म्हणाले, "थांबू नको. तुहीबी गाडी हाय, तिचीबी गाडी हाय." मी कारंज्याला परतले तेव्हा ती मेहकरपर्यंत जाऊन येऊ लागली होती. लग्नाला होकार आहे की नाही, हे मात्र आबांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. पोरगी जेवत होती, पण तिला झोप लागत नव्हती. विचारायची कोणाची छाती नव्हती, माझीही नाही.

पुढच्या महिन्यात त्यांनीच कळमनुरीच्या लोकांना बोलावून घेतलं. मला निरोप आला तशी मी गेले. मुलगा, त्याचे वडील, आई, एक काका. बैठकीत चहा झाला, पावसाच्या, सोयाबीनच्या गोष्टी झाल्या. पानाचं तबक फिरलं तेव्हा मी उठून आतल्या दाराशी गेले. आबा पानसुपारी काढून लोकांना कशी वाटेला लावतात ते मी जन्मभर पाहिलेलं. भाची आतल्या दाराआड उभी होती, तिचा हात माझ्या हातात.

आबांनी घसा साफ केला. "मले एकच इचाराचं हाय. पोट्टी माहेराले कशी येईन?"

मुलाचे वडील हसून म्हणाले, "त्याची काळजी करू नका, बाबा. आम्ही आणून सोडत जाऊ की. म्हणाल तेव्हा."

"तुमी सोडान, ते मले मालूम हाय. भले लोक हात तुमी. पन तुमी सोडलं तर ती येईन, हे मले नको. तिच्या मनात आलं तर ती येईन, हे पाह्यजे." आबांनी आतल्या दाराकडे बोट केलं. "तिले गाडी चालवता येते. तुमच्या घरी गाडी हाय. त्या गाडीची चावी तिच्या हातात राहीन काय? कोनाले न मागता?"

 मुलाने तोंड उघडलं, पण काकांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. वडील छताकडे बघू लागले. आता हे गेलं, असं मला वाटलं. भाचीने माझा हात सोडला.

तेव्हा मुलाची आई बोलली. तोवर ती बाई चहा चांगला झालाय एवढंच म्हणाली होती.

"राहील," ती म्हणाली. "माझं माहेर औंढ्याचं, बाबा. आमच्या दारातून निघालं तर तासाभराचं. पण कोणी नेलं तरच मी जाते. माझी आई गेली तेव्हा घरात गाडी चालवणारे दोघंही गावाला गेले होते. गाडी दारात उभी होती. मी पायरीवर बसून होते." नवऱ्याकडे न बघता तिने डोळ्याला पदर लावला. "चावी हिच्याकडेच राहील. माझ्या जिवाची शपथ."

तिच्या नवऱ्याने मान खाली घातली.  आबा हात जोडत उठले, आणि आमच्या घरात बाईमाणसाला आजवर कोणी केला नसेल असा वाकून नमस्कार त्यांनी तिला केला.

"मंग सडक तुमच्या दारापासून धरा," ते म्हणाले. "आन पोरीच्या आंधी तिच्यावरून तुमी माहेराले या."